ताटातले मटण, टाकीतले मटण आणि अंगातले रक्त

मागच्या पावसाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही बायांचे रक्त तपासायला बसलो होतो. सहावा महिना लागलेली एक सूनबाई आली. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. एचबी निघाले साडेसात.

"काय खातीस माय?"

"भाकरी, वरण. कधी भाजी."

"अंडं? मटण?"

ती सासूकडे बघू लागली. सासू म्हणाली, "बंद केलंय ताई. नातू कॉलेजात हाय. त्यो म्हणतोय, आपुन बुद्धाची माणसं, जीव मारून खायाचा न्हाई. मटणानं पृथ्वी बी तापती म्हणं. आता कारखान्यात मटण करायलेत, जीव न मारता. ते आलं की खाऊ."

सूनबाईला आम्ही त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवले. पण नातवाचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. पोरगा वाचतो, विचार करतो, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच्या तिन्ही प्रश्नांना नीट उत्तर द्यायला हवे, कारण त्या उत्तराची किंमत त्याची वहिनी आपल्या रक्तातून देत होती.

धम्म काय सांगतो?

पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. ते सोडून बोलता येणार नाही. पण मज्झिम निकायातल्या जीवक सुत्तात वैद्य जीवकाने तथागतांना मांसाबद्दल सरळच विचारले आहे. तथागतांनी सांगितले, प्राणी आपल्यासाठी मारताना पाहिला, तसे ऐकले किंवा तशी शंका आली, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये. तसे नसेल तर घेता येते. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे पूर्ण बंद करण्याचा नियम मागितला, तेव्हा तथागतांनी तो केला नाही. दुसरीकडे, उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत मांसाचा व्यापारही सांगितला आहे, हे आपण लपवू नये. म्हणजे प्रश्न सोपा नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याची उकल केली आहे. गरजेपोटी मारणे वेगळे आणि मारण्याची इच्छा, हौस वेगळी, असा फरक त्यांनी दाखवला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याचीही आहे. मांस सोडण्याची प्रतिज्ञा मात्र नाही. १९२७ ला महाडला त्यांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. ते आपल्यावर लादलेले होते, त्यात अपमान होता आणि रोगही होता. स्वाभिमानाने सोडणे आणि कुणी हिणवले म्हणून सोडणे, यांत फार अंतर आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या खामगावचे लेखक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या आज्या-पणज्यांच्या चुलीवरचे पदार्थ लिहून ठेवले. वजडी, रक्ती, वाळवून ठेवलेल्या चान्या. उरलेल्या, टाकलेल्या भागांवर आपल्या बायांनी घरे जगवली, हे त्यातून कळते. त्या ताटाची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

पृथ्वी कुणामुळे तापते?

नातू म्हणतो त्यात तथ्य आहे. माणसामुळे हवेत जाणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी सुमारे १२ टक्के वायू पशुपालनातून येतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. गाय, म्हैस, शेळी रवंथ करताना मिथेन वायू सोडतात. ब्राझीलमध्ये गुरांच्या कुरणांसाठी अॅमेझॉनचे जंगल तोडले जाते.

पण हिशोब माणशी करावा. अमेरिकेत एक माणूस वर्षाला शंभर किलोहून जास्त मांस खातो. भारताची सरासरी दहा किलोच्याही आत आहे आणि आपल्या वस्तीत तर रविवारी पावशेर मटणात सहा माणसे जेवतात. ज्याने तीन वाट्या खाल्ल्या त्याचे बिल एक वाटी खाणाऱ्याने का भरावे?

शिवाय आपले मटण येते कुठून? जिल्ह्याचे नाव २०२३ ला धाराशिव झाले, पण शेळी अजून 'उस्मानाबादी'च आहे. काळी, लांब कानांची, बहुतेक वेळा जुळी करडे देणारी. दुष्काळातही बोर-बाभळीच्या पाल्यावर आणि बांधावरच्या गवतावर ती जगते. माणसाच्या तोंडचे धान्य तिला लागत नाही. दोन-चार शेरडं म्हणजे भूमिहीन बाईची बँक. तीही मिथेन सोडते, मोकाट सोडली तर नवी रोपे खाते, हे खरे. पण ज्या राज्यात सुमारे चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो, तिथे टँकरच्या रांगेतल्या बाईला शेरडावरून बोल लावणे न्यायाचे नाही.

टाकीतले मटण

आता कारखान्यातल्या मटणाविषयी. हे थोतांड नाही. जिवंत जनावराच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पोलादी टाकीत साखर, क्षार, जीवनसत्त्वे व प्रथिनांचे घटक देऊन त्या वाढवतात. २०१३ ला मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये असा पहिला बर्गर दाखवला. त्या एकाचा खर्च अडीच लाख युरो होता. विक्रीला पहिली परवानगी सिंगापूरने २०२० मध्ये दिली, अमेरिकेने २०२३ मध्ये. इटलीने त्याच वर्षी बंदी घातली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेला आणि राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला २०१९ मध्ये केंद्र सरकारने या संशोधनासाठी पैसे दिले.

जीव न मारता म्हणावे, तर सुरुवातीला या पेशी वाढवायला गाभण गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचा द्रव लागत असे. आता तो न वापरता वाढवण्याची रीत काही कंपन्यांना जमली आहे. वीजही खूप लागते. ती कोळशाची असेल तर धूर दुसरीकडून निघतो. उद्या हे मटण खरेच स्वस्त, सुरक्षित आणि रक्ताविना तयार झाले, तर धम्माच्या दृष्टीने आम्हाला त्यात वावगे दिसत नाही, उलट आनंदच आहे. पण तेव्हाही दोन प्रश्न विचारायचे. टाकी कुणाच्या मालकीची? आणि शेरडं राखणाऱ्या बाईने पोट कशावर भरायचे?

तोवर सूनबाईचे दिवस थांबत नाहीत.

रक्ताचा हिशोब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांत आणि पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के लेकरांत रक्त कमी आढळले. मटण, काळीज, मासे यांतले लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा चांगले उचलते. बी-बारा हे जीवनसत्त्व तर प्राण्यांपासून आलेल्या अन्नातूनच मिळते.

आणि नेमके हेच ताट आकसत चालले आहे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त 'मोठ्याचे' ताटातून गेले. शाळेच्या पोषण आहारात २०२३ ला सुरू झालेल्या अंड्याचा निधी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. हवे तर लोकवर्गणीतून द्या, म्हणाले. वर्गणी कुठल्या वस्तीतून निघणार? अहिंसेच्या नावाने लेकराच्या हातचे अंडे जात असेल, तर ती करुणा नव्हे.

म्हणून घरात एवढे करा:

१. आठवड्याला तीन-चार अंडी आधी गरोदर बाईला, अंगावर पाजणारीला आणि लेकरांना. वाढताना सुनेचा वाटा शेवटी ठेवू नका.

२. पंधरा दिवसांतून एकदा थोडे मटण किंवा सुकी मासळी चालेल. गरोदरपणात काळीज मात्र रोज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. मटण पूर्ण शिजवा.

३. बाजरी, शेवग्याचा पाला, मोडाची मटकी, हुलगे रोजच्या जेवणात ठेवा. वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

४. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. एचबी सातच्या आसपास असेल तर खाण्याने भागत नाही, दवाखाना गाठा.

५. ज्याने विचार करून मांस सोडले त्याचा मान राखा, पण त्याने दूध-दही घ्यावे आणि बी-बारा तपासावे. आपला निर्णय घरातल्या बाईवर लादू नये.

६. रोज खाणाऱ्याने कमी करावे. लाल मांस अतोनात खाणे आतड्यालाही बरे नाही. जत्रेत, लग्नात हौसेखातर बोकडांची रांग लावणे बंद करू. गरज आणि हौस यांतला बाबासाहेबांनी दाखवलेला फरक तो हाच.

महिनाभराने आम्ही पुन्हा त्या वस्तीत गेलो. सूनबाईचे एचबी नऊ झाले होते. दवाखान्यातून इंजेक्शने घेतली होती, अंडी सुरू होती. नातवाने स्वतः मटण सोडले ते सोडलेच. "वहिनीसाठी अंडी मीच आणतो," म्हणाला.

जयभीम. नमो बुद्धाय.