सांधेदुखी म्हणजे करणी नव्हे

आमच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आहेत. सकाळी तासभर त्यांची मूठ वळत नसे. कुणी करणी म्हणाले, कुणी गेल्या जन्मीचे पाप. त्या दीड वर्ष पुड्या खात राहिल्या; तोवर बोटे वाकडी झाली. म्हणून या दुखण्याचे मूळ आम्ही येथे देत आहोत.

आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आत जे तयार होते, त्याचे तुकडे ती बाहेर धरून दाखवतात. विषाणू शिरला की त्याचेही तुकडे दिसतात आणि संरक्षक टी पेशी त्या पेशीला मारतात.

टी पेशी हाडांतल्या मज्जेत जन्मतात. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्यांची परीक्षा होते. शरीराच्याच तुकड्यांवर तुटून पडणारी पेशी तिथेच संपवली जाते. शंभरातल्या नव्वदाहून अधिक या परीक्षेतून बाहेर येतच नाहीत. तरी काही निसटतात; त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. या शोधांसाठी मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

हा बंदोबस्त बिघडला की संरक्षक पेशी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करतात. हाच रुमेटॉइड संधिवात. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, म्हणून रुग्णाचे ताट वेगळे करू नका. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्याहून कुणाला ठाऊक?

दोन्ही हातांची बोटे सुजणे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणे आणि हे सहा आठवडे टिकणे, अशी लक्षणे असतील तर सरकारी रुग्णालय गाठा. रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी हा रोग असू शकतो. लवकर औषध सुरू झाले तर बोटे वाचतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मेथोट्रेक्सेट ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. त्याने आराम पडतो, पण हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

ताईंची सूज आता उतरली आहे. वाकलेली बोटे सरळ होणार नाहीत, पण झाडू पुन्हा हातात धरता येतो. दुःखाला कारण असते, हे तथागतांनी सांगितले. ते कारण भगताच्या अंगणात नाही, तपासणीत शोधू या.