सकाळी टूल रूम, संध्याकाळी वर्ग

पहाटे ५:१५

भोसरीच्या खोलीत आम्ही तिघी राहतो. तिघींच्या कंपन्या वेगळ्या, पण पाळी तिघींची पहिलीच. भाजी माझ्याकडे, पोळ्या दुसरीकडे, पाणी भरणं आणि भांडी तिसरीकडे. माझे डबे दोन असतात. एक दुपारच्या जेवणाचा आणि एक पोळी-चटणीचा, कॉलेजात शिरण्याआधी खायचा. पिशवीत वही, कॅल्क्युलेटर आणि लॉगबुक रात्रीच भरून ठेवते, कारण पाळी सुटल्यावर खोलीवर यायला वेळ नसतो.

मी बी.व्होक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसा टूल रूममध्ये शिकाऊ उमेदवार, आठवड्यातल्या चार संध्याकाळी कॉलेज. भोसरीत आमच्याकडे कंपनीची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून कॉलेजनं आमच्या तुकडीची प्रात्यक्षिकं गुरुवारी ठेवली आहेत. गावाकडे लोक विचारतात, पोरगी शिकतेय की नोकरीला लागलीय? कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा सांगतो की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून ही उमेदवारी पदवीच्या अभ्यासक्रमातच बसवता येते. तिचे गुण धरले जातात. म्हणजे मी शिकतेच आहे, फक्त शिकायच्या जागा दोन आहेत.

६:३०

एमआयडीसीच्या रस्त्याला या वेळी पायी, सायकलवर, शेअर रिक्षात, जो तो निघालेला असतो. गेटच्या आत गेलं की आधी केस टोपीखाली घट्ट बांधायचे, बांगडी-अंगठी काढून लॉकरमध्ये ठेवायची, ओढणी घरीच. फिरत्या मशीनजवळ लोंबणारं काहीही नको. सेफ्टी शूज घातलेले असतातच. गॉगल मात्र हातात न ठेवता डोळ्यांवर चढवूनच शॉपमध्ये पाऊल टाकायचं.

७:००

हजेरी लागली की सुपरवायझर साहेब पाच-दहा मिनिटं बोलतात. काल काय घडलं, आज कुठं काळजी घ्यायची, कोणतं टूल कुठल्या प्रेसवर आहे. फळ्यावर नावं लिहिलेली असतात. माझ्या नावापुढे नेहमी आणखी एक नाव असतं, ते काकांचं. काका आयटीआय करून याच कामाला लागले आणि त्यांची हयात टूल रूममध्ये गेली. शिकाऊ उमेदवाराचं नाव एकटं कधीच लिहायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. माझ्या मते अख्ख्या कंपनीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

७:२०

प्रेस शॉपमधून टूल आलं. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून चाळीस मिलिमीटर व्यासाची चकती कापणारं हे टूल. तक्रार एका शब्दाची: बर. कापलेल्या कडेला पत्र्याची बारीक धारदार किनार उभी राहते, तिला बर म्हणतात. पुढच्या जोडणीत ती आड येते आणि हाताळणाऱ्याचं बोट कापते.

काकांनी टूल उघडलं नाही. आधी चकती माझ्या हातात दिली. "नख फिरव. आता सांग, बर चकतीला आहे का पट्टीतल्या भोकाला?"

चकतीला होती. पट्टीतल्या भोकाची कड साफ होती.

"मग कोण बोथटलाय?"

पंच, म्हणजे टूलचा वरून पत्र्यात शिरणारा भाग. त्याच्या खाली असते ती डाय. चकतीवर बर आली तर पंचाची धार गेलेली असते, भोकाच्या कडेला आली तर डायची. काकांनी भिंग दिलं. चकतीची कड भिंगाखाली धरली की तिचे थर वेगळे दिसतात. वरची कड किंचित गोलावलेली, तिच्याखाली आरशासारखा चकचकीत पट्टा, त्याच्याखाली खरखरीत राखाडी पट्टा आणि अगदी शेवटी बर. चकचकीत भागात पत्रा कापला गेलेला असतो, खरखरीत भागात तो तुटलेला असतो. काका म्हणतात, कड वाचता आली की निम्मं टूल न उघडता कळतं. कड तशी का दिसते, हे मात्र ते सांगत नाहीत. "ते तुझे सर सांगतील." हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा. ते पान मी त्यासाठीच राखून ठेवलं आहे.

९:३०

चहा. दहा मिनिटं. हात आधी धुवायचे, कूलंटचा वास बिस्किटालाही लागतो.

९:४०

पंच व्ही-ब्लॉकमध्ये उभा धरून सरफेस ग्राइंडरवर घेतला. पंच कठीण केलेल्या टूल स्टीलचा, त्यामुळे घाई चालत नाही. एका फेरीत मिलिमीटरचा शंभरावा भाग काढायचा, कूलंटची धार सोडायची नाही. एकदम जास्त घेतलं तर पोलादावर तपकिरी डाग पडतो. डाग पडला म्हणजे तिथला कणखरपणा गेला, बारीक तडाही जाऊ शकतात. काका शेजारी उभे असतात, पण चाकाला हात लावत नाहीत. आवाज बदलला की फक्त मान वर करतात.

पंचाचं तोंडच घासायचं असतं, अंगाला हात लावायचा नाही. अंग घासलं तर व्यास कमी होतो आणि पंच-डायमधली फट वाढते. धार नवी झाली, माप जिथल्या तिथं राहिलं, असं काम हवं.

११:००

मोजमाप. ग्राइंडरवरून काढलेला पंच लगेच मायक्रोमीटरखाली धरायचा नसतो. मापाच्या दुनियेत जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानलं जातं. पोलादाचा शंभर मिलिमीटरचा तुकडा दहा अंशांनी जास्त गरम असेल तर तो साधारण ०.०१२ मिलिमीटरनं लांब भरतो. आमचा मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत वाचतो, म्हणजे नुसत्या उष्णतेनं माप एका रेघेनं हुकतं. उन्हाळ्यात शॉपमध्ये अंगाची लाही होत असते, तेव्हा हा धडा पुस्तकाशिवाय कळतो. म्हणून पंच सरफेस प्लेटवर निवायला ठेवला आणि तोवर डायची कड ऑइल स्टोननं हलक्या हातानं साफ केली.

१२:००

जेवण. आम्ही शिकाऊ उमेदवार एकाच टेबलावर बसतो आणि डबे मध्ये ठेवतो. बोलणं बहुतेक पगाराचं, म्हणजे विद्यावेतनाचं. २०१९ मध्ये नियम सुधारले तेव्हा पदवीच्या उमेदवाराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले. खोलीचं भाडं, किराणा आणि बसचा पास गेल्यावर उरतं थोडंच, तरी कॉलेजच्या फीसाठी वडिलांपुढे हात पसरावा लागत नाही.

आज विषय दुसराच निघाला. आमच्या वर्गातली एक मैत्रीण दुसऱ्या कंपनीत आहे. तिला महिनोन्महिने पॅकिंगच्या टेबलावर बसवलं आहे. खोक्यात माल भरायचा, चिकटपट्टी लावायची, बस्स. करारावर मात्र मशीन शॉपचं प्रशिक्षण लिहिलेलं आहे. मला याचा संताप येतो. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. हा नियम शिकवण्यासाठी केला आहे, स्वस्तातले हात पुरवण्यासाठी नाही. उमेदवाराला ठरल्याप्रमाणे शिकवणं ही कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, काम करताना इजा झाली तर भरपाईही मालकाकडेच. हे सगळं त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिला करार घेऊन कॉलेजच्या समन्वयक मॅडमकडे पाठवलं आहे.

१२:३०

टूल जोडलं. पंचाचं तोंड घासलं की त्याची लांबी घटते, म्हणून घासलं तेवढ्याच जाडीची पट्टी मागे द्यावी लागते. बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. एका बाजूनं आवळत गेलं तर पंच तिरका बसतो आणि पहिल्याच ठोक्याला धार उडते. गाईड पिलरला तेल, मग ट्रॉलीवरून टूल प्रेसवर.

प्रेस चालवायला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी दोन, आणि ती एकाच वेळी दाबावी लागतात. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही टूलखाली जाऊ शकत नाही. उत्पादन वाढवायला कुणी एखादं बटण दाबून बांधून ठेवलं तर त्या प्रेससमोर उभं राहायचं नाही आणि साहेबांना तिथल्या तिथं सांगायचं. हे मला पहिल्याच आठवड्यात काकांनी बजावलं.

पहिली चकती निघाली. नख फिरवलं. कड साफ. तरी ती क्वालिटीकडे जाते, तिथं मोजतात, सही होते आणि मगच प्रेस सुरू होतो. काका म्हणाले, "झालं. लिही आता."

३:००

लॉगबुक. काय काम केलं, कोणतं यंत्र, कोणतं मोजमापाचं साधन, काय बिघडलं होतं, कशानं सुधारलं. कंटाळवाणं वाटतं खरं, पण उमेदवारीचा खरा पुरावा हाच. ज्या दिवशी लिहायला काही सुचत नाही, त्या दिवशी शिकायला काही मिळालं नाही असं समजायचं. काका वाचून सही करतात. 'पंच घासला' असं नुसतं लिहिलं तर वही परत देतात. किती घासला, का घासला, पट्टी किती दिली, हे सगळं हवं.

३:३०

पाळी सुटली. बसमध्ये जागा मिळाली तर डोळा लागतो, कंडक्टर दादांना थांबा माहीत आहे. कॉलेजच्या पायऱ्यांवर दुसरा डबा.

५:००

आजचा तास प्रेस टूल डिझाइनचा. सर स्वतः कारखान्यात काम करून शिकवायला आलेले, त्यामुळे फळ्यावरचं टूल हाताळलेलं वाटतं. वर्गात सगळे पाळी करून आलेले, म्हणून सर पहिली दहा मिनिटं आमच्याच प्रश्नांना देतात. मी शेवटचं पान उघडलं.

सरांनी फळ्यावर पत्रा काढला, वर पंच, खाली डाय. पंच टेकला की पत्रा आधी दबतो, कड गोलावते. मग पंच आत शिरतो, तो चकचकीत पट्टा. मग दोन्ही धारांपासून तडे निघतात आणि मध्ये भेटतात, तो खरखरीत भाग. तडे नीट भेटावेत म्हणून पंच आणि डाय यांत मोजून फट ठेवतात. सौम्य पोलादाला एका बाजूला जाडीच्या साधारण पाच टक्के, म्हणजे माझ्या दोन मिलिमीटरच्या पत्र्याला ०.१ मिलिमीटर. धार बोथटली की तडा धारेपासून निघतच नाही, बाजूनं निघतो, आणि राहिलेला पत्रा ओढला जाऊन बर होते. सकाळी नखाला लागली ती हीच.

मग हिशेब. कापायला लागणारं बल म्हणजे कापाची लांबी गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कर्तनशक्ती. चाळीसच्या चकतीचा परीघ १२५.७ मिलिमीटर, जाडी २, कर्तनशक्ती ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली, तर बल सुमारे ८८ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास नऊ टन. चकतीचं माप डायवरून ठरतं, म्हणून फट पंचावर द्यायची. भोक पाडायचं असेल तर उलटं, माप पंचाचं आणि फट डायवर. काका सकाळी पंचाच्या अंगाला हात लावू देत नव्हते, त्याचं कारण मला संध्याकाळी सहा वाजता फळ्यावर सापडलं.

पुढचा तास गणिताचा. तो जड जातो आणि दिवसभराचा शीण तिथंच जाणवतो. तरी बसायचं. डिझाइनच्या टेबलापर्यंत जायचं असेल तर वाट गणितातूनच जाते.

८:३०

खोलीवर. आईचा फोन. ती रोज विचारते, जेवलीस का, आणि मग, आज काय शिकलीस. आज मी तिला बर समजावून सांगितली. ती म्हणाली, विळीची धार गेली की भेंडी अशीच चिरडते, कापत नाही. तिला बरोबर कळलं होतं.

९:३०

अर्धा-पाऊण तास अभ्यास, उद्याची पिशवी, झोप.

हा दिनक्रम सोपा नाही आणि सगळ्यांना झेपेलच असंही नाही. रविवारी कंपनी, गुरुवारी कॉलेज, असा आठवडा जातो तेव्हा घरची लग्नं, सण सुटतात. पण हातानं केलेलं काम आणि त्यामागचं कारण एकाच दिवशी भेटतं, असं शिक्षण मला दुसरीकडे मिळालं नसतं. ते मिळतं दोन माणसांमुळे: शेजारी उभं राहून न बोलता शिकवणारे काका, आणि आमच्या प्रश्नांसाठी वेळ राखणारे सर. यातलं एक जरी नसलं तरी उरते ती नुसती मजुरी, किंवा नुसती परीक्षा.

म्हणून या वाटेनं येणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगते. विद्यावेतनाचा आकडा विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का, लॉगबुक रोज कोण तपासणार, आणि फळ्यावर तुमच्या नावापुढे कुणाचं नाव असणार. तिन्ही उत्तरं मिळाली तरच सही करा.