फडताळातले श्रवणयंत्र

भिलाईच्या वैशाली नगरातील एका घराची कल्पना करा. ज्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तेथे पुढे तीस वर्षे राबलेले आजोबा घरात बसले आहेत. लोखंडाच्या खणखणाटाने त्यांचे कान मंदावले आहेत. मुलाने हौसेने श्रवणयंत्र आणले. पण ते फडताळात पडून आहे. "स्वयंपाकघरात ताट पडले की डोक्यात घण बसतो," असे आजोबा म्हणतात.

वाचकहो, हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे. गोंगाटाने आंतरकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. अशा कानाला हलके बोलणे ऐकू येत नाही. मोठा आवाज मात्र पुष्कळदा इतरांइतकाच मोठा वाटतो. ऐकू येणे आणि असह्य होणे यांतील अंतरच कमी होते.

यंत्रातील नेहमीचे गोंगाट-नियंत्रण पंख्याच्या घरघरीसारखा सततचा आवाज ओळखून तो सावकाश कमी करते. ताटाचा आवाज सेकंदाच्या काही सहस्रांशांतच शिगेला पोहोचतो. नियंत्रण जागे होईतो तडाखा बसून गेलेला असतो. म्हणून आजच्या अनेक अंकीय यंत्रांत निराळी सोय असते. आवाज एकाएकी चढताच ती त्या क्षणापुरता त्याचा जोर दाबते आणि लगेच पूर्ववत होते. मात्र येथे अतिरेक नको. 'क', 'ट', 'प' ही व्यंजनेही लहानशा स्फोटांनीच उमटतात. फार दाबल्यास बोलणे बोथट होते.

तेव्हा आपण काय करावे? कोणते आवाज टोचतात, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि ती यादी श्रवणतज्ज्ञांना दाखवा. आकस्मिक आवाजांची सोय आणि यंत्राच्या कमाल आवाजाची मर्यादा, ही दोन्ही तपासून घ्या. यंत्राचा आवाज सरसकट कमी करू नका. त्याने बोलणेही हरवते. आरंभी शांत खोलीत थोडा वेळ यंत्र लावून सवय वाढवावी. सूनबाईंनी मोरीत भांड्यांखाली जाड फडके घालावे. मुलांनी समोर येऊन बोलावे. अल्प उत्पन्नाच्या पात्र व्यक्तींसाठी केंद्र शासनाची साहाय्यक साधनांची योजना आहे. तिची चौकशी करावी. आणि जे आज कारखान्यात आहेत, त्यांनी कर्णरक्षक विसरू नयेत.

यंत्र फडताळातून कानावर आले, तरच नातवाची हाक आजोबांपर्यंत पोहोचेल.