सातपुड्याच्या पायथ्याची निहाली

आमच्या रोहिणखेडचं नाव इतिहासात आलं ते लढायांमुळे. एक १४३७ची, दुसरी १५९०ची. या लढाया आम्हाला ठाऊक होत्या. पण मोताळा, नांदुरा करत पूर्णा ओलांडली की जळगाव जामोदच्या पुढे सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या गावांत जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी भाषा बोलतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती निहाली.

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात स्टेन कोनो यांनी निहालीला मुंडा भाषांच्या पंगतीत बसवलं आणि ती आर्य भाषांकडे झुकल्याचंही नोंदवलं. सुधीभूषण भट्टाचार्यांची टिपणं १९५७मध्ये आली, तेव्हा ही मांडणी डळमळली. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२च्या पुस्तकात शब्दन् शब्द चाळला. शेजारच्या कोरकू भाषेचे पुष्कळ निघाले, द्राविडी काही, मराठी-हिंदीचेही; तरी सुमारे पाव शब्द कशाशीच जुळेनात. हे थर साध्या मोजणीतही दिसतात. एकाला ‘बिडुम’, मग ‘इरर, मोथो, नालो’ हे द्राविडी वळणाचे, आणि लगेच आपल्या ओळखीचा ‘पाचो’.

ही मुद्दाम घडवलेली सांकेतिक बोली असावी, अशी शक्यताही कायपर यांनी मांडली. मला ती पटत नाही. इंग्रजी अमदानीत ही भाषा बोलणाऱ्या निहालांवर लुटारूपणाचा शिक्का बसला होता, त्याची सावली भाषेवर का पडावी? आशा मुंडले यांनी निहालांचा आणि त्यांच्या बोलीचा नव्यानं शोध घेतला. पुढे २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं के. एस. नागराजांचं पुस्तक काढलं. त्यात निहालीचं सगळं व्याकरण उभं आहे.

बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार. बरेचसे कोरकूंच्या शेतांवर राबणारे. कोरकू तर बहुतेकांना येते. दहा हजारांखालच्या भाषांची नावं छापणं जनगणनेनं १९७१पासून बंद केलं, त्यामुळे त्या तक्त्यांत निहाली सापडत नाही.

कॅनडातली डॉगरिब, म्हणजे ट्लिचो, बोलणारेही साधारण निहालीएवढेच. पण वायव्य प्रदेशाच्या अकरा अधिकृत भाषांत ती आहे, २००५पासून त्या लोकांचं स्वतःचं सरकार आहे आणि शाळेत भाषा शिकवली जाते.

नागराजांचं पुस्तक इंग्रजीत आहे. त्यातले शब्द देवनागरीत घेऊन, गावातल्या जाणत्यांना सोबत बसवून, पहिलीच्या पोरांसाठी चित्रांचं एक पुस्तक जिल्हा परिषदेनं काढावं. ते सोनबर्डीच्या शाळेत तर हवंच, आमच्या रोहिणखेडच्या शाळेतही हवं.