एक किलोचं घर

फेब्रुवारी 2019 मध्ये डहाणू-तलासरी पट्ट्यातली कितीतरी माणसं स्वतःचं घर असताना बाहेर झोपत होती. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपासची जमीन थरथरत होती. एक मोठा धक्का देऊन शांत होणारा हा भूकंप नव्हता, लहान-लहान धक्क्यांची रांगच लागली होती. भिंतींना तडे गेले, लोक धास्तावले आणि गावांतून तंबू उभे राहिले. ऐन थंडीत विटांच्या भिंतीपेक्षा कापडाची भिंत भरवशाची वाटावी, हे ऐकायला विचित्र आहे. पण हिशेबाला ते चोख आहे. जमीन हलते तेव्हा छपरावर येणारा जोर छपराच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. सिमेंटचा स्लॅब म्हणजे डोक्यावर काही टन. कापड अंगावर कोसळलं तरी माणूस ते झटकून बाहेर येतो.

इथल्या वारली घरांची जुनी बांधणीही याच गणितात बसते. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप आणि माथ्यावर गवत किंवा पानं. धक्का बसला तर लेप गळेल, पण एकमेकींना बांधलेल्या काठ्या डोलून पुन्हा जागेवर येतील. हलकं म्हणजे तकलादू असं आपण सहज म्हणून जातो. याच पट्ट्यातल्या चारोटीच्या परिसरात तसं म्हणताना जरा जपून.

हा हलकेपणा किती ताणता येईल? माणूस पाठीवर टाकून डोंगर चढेल, रात्री उभं करील आणि सकाळी गुंडाळून पुन्हा चालू लागेल, असं घर किती वजनाचं असावं? या प्रश्नाचा छडा सगळ्यात हट्टाने लावला तो अमेरिकेतल्या डोंगराळ रानात शिकारीला जाणाऱ्यांनी. तिथे परवाना काढून, गाडीरस्त्यापासून कित्येक किलोमीटर आत चालत जाऊन एल्क नावाचं थोरलं हरीण मारतात. त्याचं मांसही मग पाठीवरूनच बाहेर आणायचं असतं, त्यामुळे जाताना उचललेला एकेक ग्रॅम परतीच्या वाटेवर बोचतो. ही मंडळी मग एका काठीवर उभा राहणारा, खाली तळ नसलेला शंकूसारखा तंबू नेतात. आत टिटॅनियमची घडीची चूल असते, तिचं धुराडंही गुंडाळून पिशवीत जातं. आकार नवा नाही. प्रेअरीच्या गवताळ मैदानांतल्या आदिवासींचे टिपी नावाचे तंबू पाहून हेन्री सिब्ली या अमेरिकी सैन्याधिकाऱ्याने 1856 मध्ये अशाच शंकूच्या तंबूचं पेटंट घेतलं होतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, 1991 च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ पूर्ण थांबली, आणि ते उत्तमच झालं. रानात रात्र काढणं मात्र थांबलेलं नाही. महालक्ष्मी गड, गंभीरगड, अशेरीगड इथे डोंगरभटके जातात. वनरक्षकांची गस्त असते. बुद्धपौर्णिमेला राज्यातल्या जंगलांत लोक मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं पाहतात. आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी माळ्यावर जागतो, तो तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून. बंदूक गेली, पण शिकाऱ्याचा तो प्रश्न या सगळ्यांच्या पाठीवर आहेच.

आधी कापड. तलम कापडाच्या धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. 9,000 मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितके डेनिअर. हलक्या तंबूचं नायलॉन साधारण 20 डेनिअरचं असतं. म्हणजे समुद्रसपाटीपासून निघून एव्हरेस्टचं शिखर गाठून वर दीडशे मीटर उरेल एवढा लांब धागा, आणि वजन 20 ग्रॅम! तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद छप्पर सुती कॅनव्हासचं केलं तर तीन किलोंच्या पुढे जातं. बाजारात मिळणारी निळी ताडपत्री साधारण एक किलो. सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन चारशे-साडेचारशे ग्रॅम. डायनीमाचं पातळ कापड, जे मुळात शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी घडलं, ते अवघं दोनशे ग्रॅम, पण किंमत ऐकून घरात बसावंसं वाटतं. नायलॉनची एक खोड ध्यानात ठेवावी. ते थोडं पाणी पितं आणि सैल पडतं, म्हणून संध्याकाळी ताणून बांधलेलं छप्पर पावसात मध्यरात्री झोळीसारखं लोंबतं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, ते ताठ राहतं. माझं मत पॉलिएस्टरला.

पाणी अडवायचे मार्ग तर याहून नवलाचे आहेत. गवताने शाकारलेलं छप्पर पाणी अडवत नाही, वाट दाखवतं. थेंब एका काडीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर घसरत कडेला जातो. आत शिरण्याआधीच त्याचा प्रवास संपतो. म्हणूनच असं छप्पर चांगलं उतरतं लागतं, सपाट केलं की गळलंच. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पानं दाबून केलेलं इरलं हेच तत्त्व पाठीवर घेऊन चालतं. आवणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापासून कमरेपर्यंत ते पालथ्या होडीसारखं बसतं आणि तिचे दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे आजतागायत जमलेलं नाही. सुती कॅनव्हासचा मार्ग तिसराच. भिजल्यावर सूत फुगतं, विणीतली भोकं आपणहून बुजतात, आणि उरलेल्या बारीक भोकांतून पृष्ठताणामुळे पाणी आत येत नाही. एनसीसीच्या शिबिरात तंबूला आतून बोट लावू नका असा दम मिळायचा, त्यामागे हेच शास्त्र होतं. बोट टेकलं की पाण्याचा तो ताण मोडतो आणि तिथूनच धार लागते.

नव्या कापडांवर 3,000 मिलिमीटर असा आकडा लिहिलेला असतो. त्या कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तर ते झिरपू लागेल, असा त्याचा अर्थ. छपराला एवढं पुरतं. पण खालच्या कापडावर तुम्ही गुडघा टेकलात आणि 40 किलो भार 40 चौरस सेंटिमीटर जागेवर पडला, तर तो दाब दहा मीटर उंच खांबाइतका होतो. ओल्या जमिनीवर अंथरलेलं चांगलं कापडही गुडघ्याखाली का पाझरतं, ते यातून कळतं.

चारोटीच्या डोंगरांत मुक्काम करायचा तो मात्र पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा पाऊस नसतो, मग छप्पर हवंच कशाला?

याचं उत्तर लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने 1814 साली दवावर लिहिलेल्या निबंधात आहे. रोपांवर माळी पातळ चटई धरतात, त्याचं त्याला आधी हसू यायचं. एवढ्याशा आडोशाने काय होणार? मग त्याने गवतात चार काटक्या रोवल्या, त्यांवर जमिनीपासून वीतभर उंच एक तलम रुमाल ताणला आणि निरभ्र रात्री तापमान मोजलं. चारही बाजूंनी हवा खेळत होती, तरी रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कित्येक अंशांनी उबदार निघालं. जगातल्या सर्वांत हलक्या छपराचा हा प्रयोग मला फार आवडतो. ही ऊब टिकते याचं कारण असं की प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून सतत उष्णता फेकत असते. निरभ्र, कोरडं आकाश त्या मानाने फारच थोडी उष्णता परत देतं. म्हणून उघड्यावरचं गवत, दगड आणि झोपलेला माणूस आकाशाकडे उष्णता गमावत बसतात आणि गवतासारख्या वस्तू तर भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. अठराव्या शतकात अलाहाबादेत याच युक्तीने हवा गोठणबिंदूच्या वर असताना मातीच्या उथळ भांड्यांत बर्फ धरत असत. मध्ये रुमाल आला की आकाश दिसेनासं होतं, आणि रुमाल स्वतः थोडी उष्णता खाली पाठवतो.

थंडीत कोरडी हवा आली, आकाश निवळलं की डोंगरावर हेच होतं. तंबूचं कापड हवेपेक्षा थंड पडतं आणि त्यावर दव धरतं, बाहेरून आणि आतूनही. आतलं पाणी बरंचसं आपलंच असतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास किंवा जास्तच वाफ सोडतो. बंदिस्त, एकपदरी तंबूत सकाळी कपाळावर थेंब पडतात ते यामुळे, आणि लोक दुकानदाराला बोल लावतात. दोन्ही टोकांनी उघडं ठेवलेलं साधं छप्पर इथे महागड्या तंबूवर मात करतं. झाडाखाली बांधलं तर आणखी बरं, पानंही आकाश झाकतात. फक्त वर वाळकी फांदी नाही ना, हे उजेडात पाहून घ्यावं. आणि सूर्या नदीच्या काठची सपाट वाळू कितीही मोहवू दे, थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत तिथेच साचते. थोडं वर चढलं तरी फरक कळतो.

छपरावर ग्रॅम वाचवता येतात, जमिनीवर नाही. अमेरिकी शिकाऱ्याचा बिनतळाचा तंबू त्याच्या बर्फात शहाणपणाचा आहे. चिखलाच्या बुटांनी आत यावं, चूल पेटवावी. आपल्या रानात तो आणणं मला मूर्खपणाचं वाटतं. इथे मण्यार आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि दंश पुष्कळदा इतका हलका असतो की माणूस जागाही होत नाही. पापण्या जड होतात, श्वास अडखळतो, तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय कोकणपट्टीतला लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे खाली आणले, पण ते औषध गडावर नसतं, खाली दवाखान्यात असतं. नीट खोचलेली साधी मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. त्यामुळे कडेने शिवलेला तळ आणि चेन असलेली जाळी, एवढं वजन मुकाट्याने उचलावं.

झाडांना टांगायची झोळी हा दुसरा पर्याय. कारवीच्या उतारावर सपाट जागा मिळत नाही, तिथे ती उपयोगी पडते. पण ती खालून गार लागते, कारण अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही आणि ऊब धरते ती हवाच. पाठीखाली फोमची चटई घालावी.

तर डिसेंबरात एका माणसाने न्यायचं ते असं. तीन बाय तीनचं पॉलिएस्टरचं छप्पर, तळाची जाळी, दहा-बारा मीटर दोरी, सहा खुंट्या. काठी वाटेत मिळते, जिवंत झाड तोडू नये. सगळं मिळून एक-सव्वा किलो. खर्च कमी करायचा असेल तर छपराच्या जागी ताडपत्री घ्या, वजन अर्ध्या-पाऊण किलोने वाढेल, बाकी काही बिघडणार नाही. जाळीवर मात्र काटकसर नको. मुक्कामाआधी वनखात्याची परवानगी घ्या, रानात आग पेटवू नका, आणि अशेरीगडावर जाणार असाल तर माथ्यावर खडकात कोरलेली गुहा आहे, तिथे छप्पर न्यायचीही गरज नाही. पावसाळ्यात, जेव्हा या भागात चार महिन्यांत दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा कुठलंच कापड पुरत नाही. तेव्हा संध्याकाळच्या आत खाली उतरून चारोटी नाक्यावर चहा प्यावा आणि घरी जावं.