हृदयाच्या पडद्यातून पलीकडे

लहानपणीच्या र्‍हुमॅटिक तापाने आकसलेली झडप छाती न उघडता, फुग्याने मोकळी करू, असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांना हायसे वाटते. पण मांडीच्या शिरेतून वर सरकलेली नळी पोहोचते हृदयाच्या उजव्या बाजूला. बिघडलेली झडप असते डाव्या बाजूला! मध्ये पडदा. तो ओलांडायचा कसा?

या पडद्यात एक पातळ, खोलगट जागा असते. आईच्या पोटात असताना तिथे उघडी खिडकीच असते, कारण बाळाची फुप्फुसे तेव्हा काम करीत नसतात. जन्मानंतर ती मिटते. (चौघांत एकाची पुरती मिटत नाही, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.) नेमकी इथेच लांब सुई टोचून पलीकडे जाण्याची पद्धत १९५९ मध्ये पुढे आली. जपानच्या कांजी इनोउए यांचा फुगाही याच वाटेने जातो.

निष्णात हातांत ही सुई आजही छान चालते. अडचण आहे ती जोराची. पडदा जाड, चिवट किंवा फार लवचीक असेल तर तो सुईपुढे तंबूसारखा ताणत जातो. डॉक्टर आणखी दाबतात आणि पडदा भेदताच सुई एकदम पुढे उसळते. समोर हृदयाची पातळ भिंत! ती भेदली गेली तर हृदयाभोवती रक्त साचून जीव धोक्यात येतो.

रेडिओलहरींच्या सुईचे टोक बोथट असते. ते पडद्यावर टेकवून एक-दोन सेकंद उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात. टोकाजवळच्या पेशींतील पाण्याची वाफ होते आणि बारीक छिद्र पडते. रेटा द्यावा लागत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ७२ रुग्णांच्या चाचणीत साधारणपणे साध्या सुईला ७.३ मिनिटे लागली, हिला २.३. शिवाय साधी सुई ३६ पैकी १० जणांत अडली. ही एकदाही नाही.

जागा मात्र यंत्र निवडत नाही. शेजारीच महारोहिणी आहे आणि चुकीच्या ठिकाणी टेकवलेली ही सुई तिलाही तितक्याच सहज भोक पाडील. म्हणून इकोच्या चित्रावर डोळा हवाच. सुई महागही पडते, तेव्हा सरसकट तिचाच हट्ट नको. पण रुग्णाच्या हृदयावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे: पडदा कसा आहे, इकोवर पाहत टोचणार ना, आणि साधी सुई अडलीच तर दुसरी सोय हाताशी आहे का?