पालघरचे दोन ताळेबंद

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले शंभर औद्योगिक पट्टे तपासले. त्यात पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला 93.69 गुण मिळाले आणि तारापूर देशात पहिले आले. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटतात. इथे मात्र गुण जितके जास्त तितकी हवा, पाणी आणि जमीन वाईट. सत्तरच्या वर गेलेला पट्टा ‘अतिप्रदूषित’ ठरतो. तारापूर त्या रेषेच्या जवळजवळ चोवीस गुण पुढे होते. बोईसर-पालघरमध्ये या आकड्याची चर्चा झाली, आंदोलने झाली, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. तो आकडा बनतो कसा, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

या मोजणीला ‘सेपी’ म्हणतात, म्हणजे सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक. हवा, पाणी आणि जमीन यांना प्रत्येकी शंभरपैकी वेगवेगळे गुण दिले जातात. तारापूरचे गुण होते पाणी 89, हवा 72 आणि जमीन 59.25. यांची सरासरी काढली तर 73.42 येते. पण सेपी सरासरी काढत नाही. तिघांतला सर्वांत वाईट आकडा आधी जसाच्या तसा घ्यायचा, म्हणजे 89. मग शंभराला उरलेले अंतर पाहायचे, ते 11. या 11 चे 72 टक्के 7.92, आणि त्याचे 59.25 टक्के 4.69. एकोणनव्वदात 4.69 मिळवले की 93.69.

या सूत्रामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. विहिरीचे पाणी रसायनाने लाल झाले असेल, तर अंगणातली हवा बरी आहे म्हणून ते पाणी पिण्याजोगे होत नाही. एका बाजूचे चांगले दुसऱ्या बाजूच्या वाईटाची भरपाई करत नाही, हे सूत्र तयार करणाऱ्यांनी गणितातच बांधून टाकले. तारापूरच्या बाबतीत त्याने नेमके बोट ठेवले ते पाण्यावर. 93.69 मधले 89 एकट्या पाण्याचे आहेत.

सेपी निर्दोष आहे असे नाही. 2009 साली पहिल्यांदा ही मोजणी झाली तेव्हा तारापूरचे गुण 72.01 होते. 2016 मध्ये मोजण्याची पद्धत बदलली, त्यामुळे 72 वरून 93 वर उडी गेली असे थेट म्हणता येत नाही. ज्या फुटपट्टीने आधी मोजले तीच नंतर राहिली नाही. नव्या पद्धतीत शंभरपैकी 20 गुण उद्योगांच्या आकारमानाला, 50 प्रत्यक्ष तपासलेल्या नमुन्यांना, 20 नियमपालनाला आणि केवळ 10 माणसांच्या आरोग्याला आहेत. दहा गुण फारच थोडे आहेत. तेही रुग्णालयांच्या नोंदींवरून द्यायचे. बोईसरमधला कंत्राटी कामगार खोकल्याने बेजार झाला की खासगी डॉक्टरकडे जातो, फार झाले तर गाडी पकडून गावी जातो. त्याची नोंद या कागदापर्यंत पोहोचणार कशी?

आता दुसरा ताळेबंद पाहू. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज काढते आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रसिद्ध करते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा राज्यातला छत्तिसावा जिल्हा, त्याचेही स्वतंत्र समालोचन निघते. 2011 च्या जनगणनेनुसार या आठ तालुक्यांची लोकसंख्या 29,90,116. युरोपातल्या स्लोव्हेनिया या संपूर्ण देशाची लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास आहे. म्हणजे आपण एका जिल्ह्याबद्दल बोलत असलो तरी माणसांच्या हिशोबाने तो एका देशाहून मोठा आहे, आणि देशाला शोभेल अशी आकडेवारी मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण सरासरीचे. तीस लाखांतले साडेतेरा लाख लोक एकट्या वसई तालुक्यात. दुसरीकडे जव्हार-मोखाडा, जिथे वावर-वांगणीतल्या कुपोषणबळींनी 1992-93 मध्ये सारे राज्य हादरले होते. जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण 37 टक्क्यांहून अधिक. विरारचा फ्लॅट आणि मोखाड्याचा पाडा एकाच भागाकारात घातल्यावर जो आकडा निघतो तो दोघांपैकी कुणाचाच नसतो.

दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. जिल्ह्याचे उत्पन्न ते जिथे निर्माण झाले तिथे मोजले जाते. ते कुणाच्या खिशात गेले, हे त्यात दिसत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत हजारावर कारखाने आहेत: औषधांची मूळ द्रव्ये, रंगद्रव्ये, रसायने, कापड, पोलाद. मूल्य इथे निर्माण होते म्हणून आकडा पालघरच्या नावे चढतो. नफा मात्र मुख्य कार्यालयाकडे जातो, आणि कामगाराच्या पगाराचा मोठा भाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातल्या घरी.

छोट्या देशांना हा पेच चांगला ठाऊक आहे. लक्झेंबर्गचे दरडोई उत्पन्न जगात सर्वाधिक मानल्या जाणाऱ्यांपैकी एक, पण तिथले जवळपास निम्मे नोकरदार रोज सकाळी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांनी निर्माण केलेले उत्पन्न अंशात धरले जाते, ते मात्र छेदात नसतात. आयर्लंडमध्ये तर 2015 साली अर्थव्यवस्था एका वर्षात 25 टक्क्यांहून अधिक वाढल्याचे जाहीर झाले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडला हलवल्याचा तो परिणाम होता. आयरिश माणसाच्या ताटात काहीच वाढले नव्हते. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने मग हा फुगवटा वजा करणारे वेगळे मोजमाप तयार केले आणि 2017 पासून ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आकडा लोकांच्या अनुभवाशी जुळत नाही हे दिसल्यावर सरकारी सांख्यिकीतज्ज्ञांनी स्वतः नवी मोजणी आणली, याचे मला मोल वाटते.

उत्पन्नाच्या मोजणीत आणखी एक गोष्ट आहे, ती पाठ्यपुस्तकात असते पण बोईसरमध्ये ती अंगावर येते. सकल उत्पन्नात खरेदी-विक्री झालेली प्रत्येक गोष्ट अधिक चिन्हाने धरली जाते. कूपनलिकेचे पाणी खराब झाले म्हणून टँकर मागवला, अधिक. त्वचारोगावर मलम घेतले, अधिक. सांडपाण्याची फुटलेली वाहिनी दुरुस्त केली, अधिक. विहीर गेली, खाडी गेली, यासाठी वजा चिन्हाची सोयच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी उभी करणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्येच अमेरिकी संसदेला बजावले होते की या आकड्यावरून देशाचे कल्याण ठरवू नका.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या सांख्यिकी कार्यालयाने एक वेगळा तक्ता मांडला. उजवीकडे-डावीकडे नेहमीचे राष्ट्रीय हिशोब, उद्योगांच्या त्याच ओळी, आणि त्या ओळींपुढे जास्तीचे रकाने: या उद्योगाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, किती नायट्रोजन, किती कचरा. पैशाचे आकडे पैशात आणि टनांचे टनांत. प्रदूषणाला बळेच रुपयाची किंमत चिकटवायची नाही, फक्त दोन्ही गोष्टी एका ओळीत शेजारी आणायच्या. यातून पुढे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची पद्धती आकाराला आली. तिचा मध्यवर्ती आराखडा 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला, परिसंस्थांचा भाग 2021 मध्ये. युरोपीय संघाने 2011 साली कायदाच केला, त्यामुळे स्लोव्हेनिया असो वा एस्टोनिया, प्रत्येक सदस्य देशाला हवेतले उत्सर्जन, हरित कर आणि देशात शिरणाऱ्या-बाहेर पडणाऱ्या मालाचे टन हे सारे दर वर्षी द्यावे लागते.

अशा तक्त्याने काय साधते? स्लोव्हेनियातला पत्रकार किंवा शिक्षक विचारू शकतो की आमच्या रसायन उद्योगाने निर्माण केलेल्या दर दहा लाख युरोंमागे किती टन उत्सर्जन झाले, आणि दहा वर्षांत ते कमी झाले की वाढले. उत्पादन वाढले आणि प्रदूषण घटले, तर सुधारणा खरी. दोन्ही घटले, तर कारखाने नुसते बंद पडले. हा फरक एका भागाकारात कळतो.

हाच प्रश्न तारापूरबद्दल विचारून पाहा. औषधनिर्मितीच्या दर कोटी रुपयांच्या मूल्यवृद्धीमागे नवापूरच्या समुद्रात किती सांडपाणी गेले? उत्तर मिळत नाही. माहिती गोळाच होत नाही असे मात्र नाही. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला सीईटीपी म्हणतात तिथे, किती पाणी आले आणि त्याचा सीओडी किती, हे तपासले जाते. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळून टाकायला लागणारा प्राणवायू. तो जितका जास्त तितका माशांच्या वाट्याचा श्वास कमी. बाहेर सोडायच्या पाण्यात तो लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आत हवा. कारखान्यांच्या उत्पादनाची वार्षिक पाहणीही होते.

अडते ते ओळींच्या नावांवर. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाने रंगांनी ओळखते: प्रदूषणक्षमता सर्वाधिक असेल तर लाल, मग नारिंगी, हिरवा, पांढरा. सांख्यिकी विभाग तेच कारखाने राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या क्रमांकांनी ओळखतो: 20 म्हणजे रसायने, 21 औषधे, 13 कापड, 24 मूळ धातू. लाल रंगात विसाव्या, एकविसाव्या आणि तेराव्या गटातले कारखाने एकत्र मिसळलेले असतात. दोन वह्यांत एकाच कारखान्याची दोन नावे, मग बेरीज-वजाबाकी होणार कशी? मंडळाच्या संमतीपत्रावर तो दोन आकडी क्रमांक छापणे आणि वार्षिक विवरणात तो सक्तीचा करणे याला धरण बांधावे लागत नाही. 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांची आखणी जिल्हा हे मूळ एकक धरून होऊ लागली आहे, त्यामुळे उत्पन्नाची बाजूही जिल्हा पातळीवर अधिक भरवशाची होईल.

देशपातळीवर याची सुरुवात झालेली आहे, हेही सांगायला हवे. सर पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने 2013 मध्ये भारतासाठी हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दिला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय 2018 पासून ‘एन्व्हिस्टॅट्स’ प्रसिद्ध करते. त्यात जंगल, जमीन, पाणी यांचे राज्यवार तक्ते असतात. पण तारापूर राज्याच्या सरासरीत विरघळून जाते.

आणि समुद्राचे काय? नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी ही सारी किनाऱ्यावरची गावे. सातपाटीचे पापलेट एवढे नावाजलेले की 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, त्यात सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह मोठा होता. समुद्रातली मासळी किती आली याचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था बंदरांवर नमुने घेऊन काढते. ती मोजणी बंदरावर उतरलेल्या मासळीची. मासळी घटली आणि भाव चढला, तर रुपयांच्या रकान्यात सारे पूर्वीसारखेच दिसते. खाडीत ओहोटीला उतरून निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या गोळा करणाऱ्या बायांची पाटी तर कुठल्याच रकान्यात जात नाही. घरी खाण्यासाठी धरलेली मासळीही उत्पन्नात धरावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण ती मोजायला खाडीच्या चिखलात कोण उतरतो? खाडी मेल्यावर त्या घराने बाजारातून मासळी विकत घेतली, की तो व्यवहार मात्र लगेच उत्पन्नात चढतो.

याचा थेट फटका न्यायालयात बसला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली, ती आव्हानित झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अशा खटल्यात नुकसान किती झाले हे ठरवायला आधी काय होते याची वर्षानुवर्षांची नोंद लागते. खाडीत वीस वर्षांपूर्वी कोणती मासळी किती मिळत होती याचा सरकारी तक्ता असता, तर मच्छीमाराला आपल्या आठवणी पुरावा म्हणून मांडाव्या लागल्या नसत्या.

पाण्याचा हिशोबही असाच अर्धा आहे. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. आज त्याच नदीच्या पाण्यावर रोज 403 दशलक्ष लिटरची शहरी योजना आहे: 185 वसई-विरारसाठी, 218 मीरा-भाईंदरसाठी. मीरा-भाईंदर तर जिल्ह्याबाहेर. तारापूरचे कारखानेही सूर्येवरच चालतात. रुपयांच्या ताळेबंदात हे पाणी फक्त पाणीपट्टीएवढे दिसते. घनमीटरांच्या ताळेबंदात शेतीचे किती गेले, शहराला किती आले आणि कारखान्यातून मलिन होऊन समुद्रात किती उतरले, हे एका ओळीत दिसेल. युरोपातले देश देशात शिरणाऱ्या मालाचे टन मोजतात ते याचसाठी.

ही गोष्ट आत्ता निकडीची होण्याचे कारण वाढवण आहे. 76,220 कोटी रुपयांच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. 1,448 हेक्टर समुद्र भरून जमीन केली जाणार आहे, तीही त्या डहाणू तालुक्यात, ज्याला केंद्राने 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केले. बंदर चालू झाल्यावर पालघरचे जिल्हा उत्पन्न उसळी घेईल, यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत त्या 1,448 हेक्टरांसाठी एक साधा तक्ता आहे: सुरुवातीला किती समुद्र, किती खडकाळ किनारा, किती तिवरे, वर्षअखेर किती. तो भरायला सुरुवातीचे वर्ष ठरवावे लागते. भराव पुरा झाल्यावर सुरुवातीचे वर्ष मागे जाऊन मोजता येत नाही. त्यामुळे वाढवण ते नवापूरपर्यंतच्या किनाऱ्याची मासळी, पाणी आणि तिवरांची पहिली नोंद जिल्ह्याच्या समालोचनात उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी, येत्या अंकातच यायला हवी.